हिंसक गेम आणि गावातले गुन्हे : पालक, शिक्षक आणि पोलीस पाटलांचे नेहमीचे प्रश्न

परभणी-हिंगोलीकडच्या पालकसभांत, ग्रामसभांत आणि लग्नाच्या मांडवातसुद्धा हे प्रश्न निघतात. प्रश्नांचे शब्द ज्याचे त्याचे ठेवले आहेत. उत्तरं एका जागी लिहून काढली, म्हणजे दर वेळी तेच दळण नको.

पोरगं रातभर फ्री फायर खेळायलंय. उद्या कुणाचं डोकं फोडील का?

फ्री फायर हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम. तो खेळतंय एवढ्यावरून नाही. गेममधल्या गोळीबारामुळे खून, मारामाऱ्या किंवा दरोडे वाढतात असं दाखवणारा ठोस पुरावा मिळालेला नाही. शोधलं नाही असंही नाही. तीसेक वर्षं लोक शोधतायत. मात्र हा प्रश्न विचारताना बहुतेक जण दोन गोष्टी एकत्र कालवतात. लेकरू चिडकं होतंय का, ही एक. पोलीस ठाण्यातलं गुन्ह्यांचं रजिस्टर जाड होतंय का, ही दुसरी. पहिलीवर अजून वाद आहे. दुसरीवर फारसा उरलेला नाही.

बाकी रातभर जागणं हा दुखणं ओढवून घेण्याचाच प्रकार आहे. त्यात पोलिसांना आणायचं कारण नाही, एवढंच.

मग शास्त्रज्ञ एकमेकांशी भांडतात ते कशावरून?

आक्रमकता मोजायची कशी, यावरून. प्रयोगशाळेत कुणाला कुणाच्या डोक्यात दगड घालायला सांगता येत नाही. म्हणून आडवाटा शोधल्या गेल्या. एका गटाला गोळीबाराचा गेम द्यायचा, दुसऱ्याला साधा. मग दोघांना एक बटण द्यायचं आणि समोरच्याच्या कानात किती मोठा आवाज सोडतोस, किती वेळ सोडतोस, ते बघायचं. किंवा ज्याला तिखट सोसत नाही अशा माणसाच्या वाट्याला किती तिखट सॉस वाढतोस, ते मोजायचं. अमेरिकेतल्या आयोवाचे मानसशास्त्रज्ञ क्रेग अँडरसन आणि त्यांचे सहकारी अशा अभ्यासांच्या आधारे सांगत आले की हिंसक गेमनंतर आक्रमकता थोडी वाढते. क्रिस्तोफर फर्ग्युसन आणि इतर काही जण म्हणत आले की हा परिणाम मोजण्याच्या पद्धतीतून आलाय, खेळातून नाही.

२०१८ मध्ये २४ अभ्यासांची, म्हणजे सुमारे १७,००० मुलांची, एकत्र बेरीज करून बघितली गेली. हिंसक गेम खेळणाऱ्यांत पुढं शारीरिक आक्रमकता किंचित जास्त दिसली. किंचितच. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या १,००४ ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या : काय मोजणार आणि कसं मोजणार हे आधीच जाहीर करून टाकलं, आणि मुलाच्या वागण्याबद्दल मुलाला न विचारता घरच्या मोठ्यांना विचारलं. संबंध सापडला नाही. जर्मनीत काही प्रौढांना दोन महिने रोज ग्रँड थेफ्ट ऑटोचा पाचवा भाग खेळायला लावला, काहींना घरसंसार थाटायचा एक शांत गेम दिला, काहींना काहीच दिलं नाही. दोन महिन्यांनंतर तिन्ही गटांच्या आक्रमकतेत म्हणावा असा फरक नव्हता.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही तिथल्या मानसशास्त्रज्ञांची मोठी संघटना. ती पहिल्या बाजूला झुकलेली. २०१५ मध्ये तिनं हिंसक गेमचा आणि आक्रमकतेचा संबंध आहे असं म्हटलं. पण त्याच वेळी गुन्हेगारी हिंसेशी संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही, हेही सांगितलं. २०२० मध्ये तिनं पुन्हा स्पष्ट केलं की हिंसाचाराचं खापर गेमवर फोडणं शास्त्राला धरून नाही.

माझं मत विचाराल तर किंचित परिणाम असेलही. पण कानात मोठा आवाज सोडणं आणि हातात कुऱ्हाड घेणं यांच्यामध्ये फार मोठी मोकळी जागा आहे, आणि तिथं दुसरी बरीच कारणं बसलेली असतात.

पण खेळून उठल्यावर लेकरू अंगावर येतंय, ते काय खोटं आहे का?

खोटं कशाला असेल? फक्त ते कशामुळे येतंय, हे बघा. फ्री फायरच्या मुख्य खेळात पन्नास जण विमानातून एका बेटावर उतरतात, जगायचं क्षेत्र आकसत जातं आणि दहाएक मिनिटांत निकाल लागतो. बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतातला अवतार, त्यात शंभर जण असतात आणि एक मॅच अर्ध्या तासापर्यंत जाते. चौघांचा स्क्वॉड असेल तर त्यातला एक सोनपेठला, दुसरा पुण्याला कंपनीत, तिसरा मामाच्या गावाला. “जेवायला ये” अशी हाक येते तेव्हा शेवटचे सहा जण उरलेले असतात. चिरंजीव उठले तर उरलेले तिघं मरतात, रँक जाते, आणि रात्रभर ग्रुपवर शिव्या पडतात. अशा क्षणी आईनं फोन हिसकला की जे होतं, ते तुम्ही पाहिलंच आहे.

२०१४ च्या एका अभ्यासात संशोधकांनी नेमकं हेच पकडलं. रक्ताचा थेंब नसलेला, विटा रचायचा टेट्रिस हा गेम त्यांनी मुद्दाम वैताग येईल असा करून दिला. खेळणारे चिडले. गेम हिंसक आहे की नाही यापेक्षा तो जमत नाहीये, मधेच अडतोय, याचा राग जास्त होता. आपल्याकडं पारावर लुडोवरून होणारी हमरीतुमरी पाहणाऱ्याला याचं नवल वाटू नये.

त्यामुळे मधेच ओरबाडू नका. “ही मॅच संपली की फोन ठेव,” असं म्हणा आणि पुढची सुरू व्हायच्या आत समोर उभे राहा. वीस मिनिटांनी पोळी गार झालेली असेल, पण भांडण टळलेलं असेल.

गुन्ह्यांचे आकडे काय सांगतात?

जिओ आलं सप्टेंबर २०१६ मध्ये. त्याआधी वाडी-तांड्यावर डेटा परवडत नव्हता. पब्जी मोबाइल २०१८ मध्ये आलं आणि साध्या हँडसेटवर चालणारं फ्री फायर त्याच सुमाराला पसरलं. म्हणजे गेम गावात पोचले ते या काळात. आता राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, काय म्हणतो ते बघा. देशात खुनाचे गुन्हे २०१६ मध्ये ३०,४५०, २०१९ मध्ये २८,९१८, २०२२ मध्ये २८,५२२ आणि २०२३ मध्ये २७,७२१. दरम्यान लोकसंख्या वाढली, त्यामुळे लाखामागचं प्रमाण आणखी खाली आलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते साडेचारच्या आसपास होतं. २०२२ मध्ये २.१. आणि प्रमाण साडेचार होतं तेव्हा आपल्याकडं मुलं विटी-दांडू आणि गोट्याच खेळत होती.

अल्पवयीन मुलांवर नोंदवले गेलेले गुन्हे बघू, कारण काळजी त्यांचीच आहे. २०१६ मध्ये ३५,८४९. २०२२ मध्ये ३०,५५५. गेम घरोघरी गेले त्याच सहा वर्षांत आकडा खाली आला. गेममुळे आला असं मी म्हणत नाही. पण गेममुळे वाढला असं म्हणणाऱ्याला या आकड्याचं काहीतरी करावं लागेल.

अमेरिकेत तर हा प्रकार आणखी ठळक आहे. डूम हा गोळीबाराचा गाजलेला गेम तिथं १९९३ मध्ये आला. खुनांचं प्रमाण १९९१ मध्ये लाखामागे ९.८ होतं, २०१४ मध्ये ४.४. जपान आणि दक्षिण कोरिया या गेमवेड्या देशांत ते लाखामागे एकच्याही खाली आहे. पब्जी बनवणारी कंपनी कोरियाचीच.

पब्जीवर बंदी आली तेव्हा गुन्हे कमी झाले का?

नाही. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीसह ११८ अ‍ॅपवर बंदी आली. कारण देशाची सुरक्षा आणि डेटा हे होतं, पोरांचं वागणं नव्हे. हे बरेच जण विसरतात. खुनाचे गुन्हे २०२० मध्ये २९,१९३, २०२१ मध्ये २९,२७२. रेघ सपाट.

अर्थात हा काही चोख प्रयोग नव्हे. मुलं थांबलीच नाहीत, फ्री फायरवर गेली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय या नावानं तोच खेळ परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली तर पोरं फ्री फायर मॅक्सवर गेली.

एनसीआरबीच्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा?

खुनापुरता बराच. मारहाण, छेडछाड यांत नोंद होते किती आणि गावातच मिटतं किती, हे आपल्याला माहीत आहे. प्रेत मात्र सहसा लपत नाही. शिवाय एका घटनेत चार कलमं लागली तरी मोजताना सगळ्यात गंभीर कलमच धरतात. आणि त्या तक्त्यांत “गेममुळे” असा रकाना नाही.

मग खून होतात तरी कशावरून?

२०२२ च्या २८,५२२ खुनांपैकी ९,९६२ वादातून, ३,७६१ वैमनस्यातून आणि १,८८४ पैशाअडक्यासाठी. वाद म्हणजे कौटुंबिक, जमिनीचे, पैशाचे, पाण्याचे, आणि कधी कधी कशाचेच नाहीत असे.

आपल्याकडचं बघायचं तर जिल्हा आवृत्तीचं आतलं पान उघडा. “सामाईक धुऱ्याच्या कारणावरून कुरापत काढून, संगनमत करून, काठी व कुऱ्हाडीने मारहाण केली, जिवे मारण्याची धमकी दिली, फिर्यादीवरून गुन्हा नोंद.” ही वाक्यं इतकी ठरीव आहेत की फक्त गावांची नावं बदलतात. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरवाला रोटाव्हेटर फिरवताना वीतभर आत सरकतो. पलीकडचा बघत असतो. वीतभर धुरा दर साली गेला तर दहा सालांत दोन तास, म्हणजे पिकाच्या दोन ओळी, जातात, असा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो. त्यात भर म्हणून वाटणीत राहिलेले चार गुंठे, विहिरीवरची पाळी, पलीकडच्या वावरात गेलेलं बांधावरचं लिंबाचं झाड आणि संध्याकाळची देशी. मोजणीचे पैसे भरून दोन्ही घरं तारखेची वाट बघत असतात. आरोपींत बाप असतो, चुलता असतो, तरणा पोरगा असतो. त्या पोराच्या फोनमध्ये फ्री फायर असेलही. पण आजोबांच्या काळातल्या धुऱ्याच्या भांडणात कुठला गेम होता?

मोजणीची तारीख वेळेत लागली तर मराठवाड्यातले जितके खून टळतील, तितके जगातले सगळे गेम बंद करून टळणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

पेपरात तर “पब्जीच्या नादातून” असं छापून येतं.

येतं, आणि वाचलं जातं म्हणून येतं. वीस वर्षांचा आरोपी पकडला आणि फोन जप्त केला, तर त्यात गेम सापडणारच; त्या वयाच्या शंभरातल्या बहुतेकांच्या फोनमध्ये सापडेल. तसं त्याच्या घरी स्टीलचा तांब्याही सापडेल. गेम खेळून ज्यांनी कुणाला बोटही लावलं नाही त्यांची बातमी होत नाही, म्हणून हिशेब एकतर्फी दिसतो.

२०२२ मध्ये लखनऊची बातमी गाजली : गेम खेळू दिला नाही म्हणून सोळा वर्षांच्या मुलानं आईला गोळी घातली. देशभर चर्चा गेमची झाली. वडिलांचं पिस्तूल त्या मुलाच्या हाती लागलं कसं, यावर त्याच्या चतकोर चर्चाही झाली नाही. २०१७ मध्ये ब्लू व्हेल या मुलांना आत्महत्येकडे ढकलणाऱ्या कथित गेमची अशीच आवई उठली होती. शाळांनी नोटिसा काढल्या, वर्गावर्गात पोरांचे हात तपासले गेले. पुढं सरकारनंच संसदेत सांगितलं की तज्ज्ञांच्या समितीनं तपासलेल्या प्रकरणांत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झाला नाही.

अमेरिकेत शाळांवर हल्ले करणाऱ्या ४१ जणांचा तिथल्या सीक्रेट सर्व्हिसनं आणि शिक्षण खात्यानं अभ्यास केला. अहवाल २००२ चा. हिंसक गेमची आवड दिसली ती १२ टक्क्यांत. स्वतःच्या वहीत, निबंधात, कवितेत हिंसेबद्दल लिहिणारे होते ३७ टक्के. शिक्षकांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. मी तरी पोरांच्या वह्या जास्त लक्ष देऊन वाचीन.

हिंगोलीत दोघं पब्जीपायी गेले ना?

गेले. मार्च २०१९, संध्याकाळची वेळ, खटकाळी बायपासजवळ रुळांपाशी दोन तरुण खेळत बसले होते आणि रेल्वेखाली आले. फार वाईट घटना. पण ती दुर्घटना आहे. गुन्ह्यांच्या चर्चेत ती ओढली की ना गुन्हा कळतो ना अपघात. कानात हेडफोन असला की गाडी ऐकू येत नाही, हा तिचा अर्थ, आणि तो गाणं ऐकत जाणाऱ्यालाही लागू आहे.

खेळत बसलेली पोरं निदान बाहेर राडा तरी करत नाहीत, असं म्हणता येईल का?

काही संशोधक असंच म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ मायकेल वॉर्ड यांना २०११ च्या अभ्यासात असं दिसलं की अमेरिकेत जिथं गेमची दुकानं वाढली तिथं गुन्हे थोडे घटले. २०१५ मध्ये पॅट्रिक मार्की आणि सहकाऱ्यांनी मोठे हिंसक गेम बाजारात आल्यानंतरचे महिने तपासले. खून आणि गंभीर मारहाणीचे आकडे चढले नव्हते, उलट थोडे उतरले होते. सिनेमाबाबतही २००९ मध्ये असंच सापडलं होतं : हाणामारीचा सिनेमा जोरात चालू असतो त्या संध्याकाळी बाहेरच्या मारामाऱ्या घटतात. कारण साधं आहे. ज्यांना दंगा आवडतो तीच पोरं त्या वेळी थेटरात बसलेली असतात आणि प्यायला मोकळी नसतात.

पण यावरून “गेम हाच उपाय” असं कुणी सांगू लागलं तर तिथंही हात आखडता घ्या. २०२० मध्ये लॉकडाउनमुळे गेम खेळणं प्रचंड वाढलं, आणि अमेरिकेत खून एका वर्षात तीस टक्क्यांच्या आसपास वाढले. दोन आकडे एका दिशेला गेले म्हणजे एकानं दुसऱ्याला ओढलं असं होत नाही, आणि हा नियम आपल्या सोयीच्या निष्कर्षालाही लावावा लागतो.

आमच्याकडं चौकात तलवारीनं केक कापायलेत. ते गेममधून नाही तर कुठून शिकले?

भाईकडून. फ्री फायरमध्ये केक नसतो. तलवारीनं केक कापणं, कोयता हातात घेऊन रील टाकणं, गाडीवर बसून “किंग” लिहिणं, हे सगळं जवळच्या कुणाला तरी बघून येतं. त्या कुणाच्या मागं गाड्या फिरतात, बॅनरवर त्याचा फोटो असतो आणि पोलीस ठाण्यातून तो संध्याकाळी हसत बाहेर येतो. शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवले जातात, आरोपींची धिंडही निघते, आणि धिंडीचं रील पुन्हा चालतं. गेममध्ये मारणाऱ्याला कुणी मान देत नाही, पाच मिनिटांत सगळे पुन्हा जिवंत होतात. चौकात मिळणारा मान खरा असतो. पोरं त्याच्यामागं जातात. यात नशेच्या गोळ्या आल्या की काय होतं, ते संभाजीनगरच्या लोकांना मी सांगायला नको.

पोलिसांनीच बंदी घालावी, असं आमचे सरपंच म्हणायलेत.

राजकोटमध्ये २०१९ च्या मार्चमध्ये झालं ते. पोलीस आयुक्तांनी मनाई आदेश काढला आणि खेळताना सापडले म्हणून दहा जणांना अटक केली. विचार करा, गेममुळे पोरं गुन्हेगार होतील या भीतीनं आपणच त्यांच्या नावावर गुन्हा लावला. चीननं २०२१ पासून अठराच्या आतल्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच ऑनलाइन खेळ ठेवलाय. तिथली यंत्रणा आणि आपली यंत्रणा यांत फरक आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं मुलांना हिंसक गेम विकायला मनाई केली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केली.

आपल्याकडं बीजीएमआय परत आलं ते काही अटींवर : अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा. बापाच्या नंबरवरून आयडी काढला की तीनाचे सहा होतात. रक्ताचा रंग हिरवा केलाय. त्यानं कुणाचं समाधान झालं कोण जाणे.

मुलानं खरंच काही केलं, तर “गेममुळे झालं” हा बचाव चालतो का?

गेम खेळत होता म्हणून सुटका होत नाही. अठराच्या आतला असेल तर तो विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणून बाल न्याय मंडळापुढं जातो. परिविक्षा अधिकारी घर, शाळा, संगत, व्यसन असा सामाजिक अहवाल देतो. सोळा ते अठरामधला असेल आणि गुन्हा निर्घृण प्रकारात मोडत असेल, तर २०१५ च्या कायद्यानुसार त्याला मोठ्यांप्रमाणे चालवायचं का हे आधी ठरवलं जातं.

गेमचं व्यसन हा आजार आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो २०२२ पासून लागू आहे. पण रोज दोन तास खेळतो म्हणून आजारी ठरत नाही. खेळण्यावर ताबा नाही, बाकी सगळं मागं पडलंय, नुकसान दिसतंय तरी थांबत नाही, आणि असं साधारण वर्षभर चाललंय, तर आजार. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे.

आई-बाप ऊसतोडीला, लेकरू आजीपाशी. फोन काढून घ्यावा का?

बीड, धारूर, वडवणीकडचा हा प्रश्न सगळ्यात अवघड. दसरा-दिवाळीनंतर कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी, निघतो, ते लोक पाच-सहा महिन्यांनी परततात. सांगली-कोल्हापूर-कर्नाटकातून आई रोज रात्री व्हिडिओ कॉल करते तो याच फोनवर. आजीला फोन लावता येत नाही, लेकरूच लावून देतं. फोन काढला तर गेमबरोबर आईही जाते.

इथं मला बंदी सुचवता येत नाही. आजीच्या हातात चार्जर असावा, हा एक उपाय वापरून बघण्यासारखा : रात्री कॉल झाला की फोन चार्जिंगला, आणि चार्जिंग आजीच्या खाटेजवळ. शाळेत मुलगा झोपेला आलेला दिसला तर गुरुजींनी रागवायच्या आधी घरी कोण आहे ते विचारावं. आणि असं लेकरू गुन्ह्यात ओढलं गेलंच, तर गेमपेक्षा गावात रिकाम्या फिरणाऱ्या मोठ्या पोरांच्या संगतीमुळे ओढलं जाण्याची शक्यता जास्त. हंगामात त्याच्या आजूबाजूला मोठं माणूस कोण, हे आधी बघा.

म्हणजे गेमचा आणि गुन्ह्याचा काहीच संबंध नाही?

आहे, पैशाच्या बाजूनं. देशात सायबर गुन्हे २०१६ मध्ये १२,३१७ होते, २०२२ मध्ये ६५,८९३. खुनासारखी सपाट रेघ नाही ही. बहुतेक प्रकार फसवणुकीचे, आणि सगळे गेमचे अर्थातच नाहीत; पण खेळणारी मुलं त्यात सोपं सावज असतात.

प्रकार नेहमीचे आहेत. डायमंड म्हणजे गेममधलं विकत घ्यायचं चलन, आयडी म्हणजे खेळणाऱ्याचं खातं. “डायमंड अर्ध्या किमतीत टॉप अप करून देतो, आयडी-पासवर्ड पाठव.” पाठवला की आयडी गेली. “लेव्हल सत्तरची आयडी विकायची आहे, दोन हजार आधी टाक.” टाकले की नंबर ब्लॉक. कुणी स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप उतरवायला सांगतो आणि बापाच्या खात्यातलं अनुदान, पीक विम्याचे पैसे निघून जातात. कधी मुलगा स्वतःच बापाच्या फोनचा पिन बघून थोडे थोडे पैसे उडवतो, आणि खत घ्यायच्या वेळी खातं रिकामं सापडतं. मोठ्या पोरांचं रमी आणि तीन पत्तीचं वेगळंच. तिथं कर्ज होतं, कर्ज फेडायला मोटारसायकल चोरली जाते, आणि तो गुन्हा रजिस्टरला चोरीचा म्हणून लागतो. त्या पत्त्यांत बंदूक नसते, हे लक्षात घ्या. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे बँक व्यवहार यांवर बंदी घातली. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. फ्री फायर-बीजीएमआय यांत डाव लावलेला नसतो, म्हणून ते यात येत नाहीत.

पैसे गेले, आता काय करायचं?

१९३० ला फोन लावा, लगेच. समोरच्याच्या खात्यात पैसे असेपर्यंत ते गोठवता येतात. एकदा एटीएममधून निघाले की अवघड. बँकेचा मेसेज, व्यवहार क्रमांक, समोरच्याचा नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट काही पुसू नका. मग बँकेत आणि पोलीस ठाण्यात जा. मुलाला मारायचं असेल तर ते निदान फोन लावून झाल्यावर ठरवा, कारण नेमका कधी आणि कुणाला पैसे पाठवले हे फक्त त्यालाच माहीत असतं, आणि मार बसेल या भीतीनं मुलं दोन-दोन दिवस हे सांगत नाहीत.